बांगडीची निशाणी, अंगठ्याचा ठसा

अंगठ्याला आपल्या भाषेत फारसा मान नाही. कुणी फसवलं की म्हणायचं, 'अंगठा दाखवला'. लिहिता-वाचता येत नसलेल्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणायचं आणि वर हसायचं. द्रोणांनी एकलव्याकडे मागितला तोही अंगठाच. देणाऱ्याचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झालं, मागणाऱ्याला जाब विचारायला मात्र फार उशीर लागला.

असा हा हिणवलेला अंगठा आज सगळ्या दारांची किल्ली होऊन बसला आहे. रेशन घ्या, पेन्शन घ्या, सिम कार्ड घ्या. काचेवर अंगठा टेकल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आमच्याकडे बस्तीत शास्त्रवाचन संपलं की बायका पायरीवर घटकाभर बसतात. पूर्वी तिथे पापडाचं प्रमाण, मुलींची स्थळं, गुडघेदुखी असे विषय निघायचे. आता त्यात एका तक्रारीची भर पडली आहे. "माझा अंगठा उठंना झालाय बघ." सांगणारी हे खालच्या आवाजात सांगते, जणू तिचंच काही चुकलं आहे. मला खटकतो तो हा खालचा आवाज. बोटाचा ठसा मागायला कुणी, कधी आणि कशासाठी सुरुवात केली? आणि त्याच्याही आधी, लिहिता न येणारी बाई कागदावर आपला होकार कसा देत होती? हे एकदा नीट बघू या.

आधीचं आधी सांगते. मराठेशाहीतले जुने कागद, म्हणजे महजर, करारनामे, खरेदीखतं, यांच्या शेवटी साक्षीदारांच्या नावापुढे 'निशाणी' असते. ज्याला अक्षर येत नसे त्याने आपली खूण द्यायची. पाटलाची, कुणब्याची निशाणी नांगर. वाण्याची तागडी. न्हाव्याचा आरसा. आणि बाईची निशाणी बांगडी. कागद लिहिणारा नाव लिही आणि त्याच्यापुढे ती खूण येई.

तो काळ बाईसाठी सोन्याचा होता, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या कागदांवर पुरुषांच्या मानाने बायकांची नावं थोडीच. जातीपातीची उतरंड त्या निशाण्यांतसुद्धा दिसते. पण एक गोष्ट मला त्यात आवडते. निशाणी सांगायची की हे माणूस कोण आहे, काय करतं. आणि ती खरी की खोटी हे ठरवायला भोवती बसलेली चार माणसं असायची. ती बाईला ओळखत होती. 'ही अमक्याची सून, तमक्याची आई, हिने आमच्यासमोर होय म्हटलं', एवढं पुरे व्हायचं. ओळख माणसांत होती.

अक्षराशी तुटलेपण हे काही आपल्या बायकांच्या नशिबातच लिहिलेलं नव्हतं. बेळगावहून लक्कुंडी फार लांब नाही. गदगच्या जवळ. तिथल्या ब्रह्म जिनालयात इ. स. १००७ चा शिलालेख आहे, तो अत्तिमब्बेच्या दानाचा. या बाईने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती लिहून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात, ताडपत्रावर, एक एक अक्षर कोरून हजार प्रती! आणि त्यानंतर साडेनऊशे वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेत, भारतातल्या शंभर बायकांपैकी पुऱ्या नऊ जणींनासुद्धा लिहिता-वाचता येत नव्हतं. मधल्या काळात मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी आयुष्य मुलींच्या शिक्षणाला वाहिलं, आपल्याकडे स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा उभी राहिली आणि शिक्षण हे तिने आपलं मुख्य काम मानलं. म्हणून तुम्ही-आम्ही आज हे वाचतो-लिहितो आहोत. पण आपल्या आज्यांच्या पिढीतल्या बहुतेक जणींच्या वाट्याला शाईचा पॅड आणि अंगठाच आला. तो दोष त्यांचा नव्हता.

आता ठशाकडे येऊ. वर्ष १८५८. उठाव नुकताच मोडून काढला होता. बंगालमध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज अधिकारी होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक माणसाशी रस्त्याच्या खडीचा करार केला. कोनाईला लिहिता येत होतं. करार त्यानेच स्वतःच्या हाताने लिहिला होता. तो सही करणार इतक्यात हर्शेलच्या मनात आलं की, हा उद्या 'सही माझी नाहीच' म्हणाला तर? म्हणून त्याने आपल्या शिक्क्यासाठी ठेवलेली शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि कागदाच्या पाठीमागे त्याचा पंजा उमटवून घेतला. पुढे म्हातारपणी हर्शेलने याबद्दल पुस्तक लिहिलं, त्यात आपला हेतू त्याने लपवला नाही. सही नाकारण्याचा विचारच या माणसाच्या मनात येऊ नये, इतकी धास्ती त्याला बसावी, असं त्याला वाटत होतं.

हे मी दोनदा वाचलं. सरकारी कामात हाताचा ठसा आला तो अडाणी माणसाच्या सोयीसाठी आला, असंच मी शाळेपासून समजत आले होते. प्रत्यक्षात पहिला ठसा लिहिता येणाऱ्या माणसाचा घेतला गेला. अक्षर होतं, सही होती. नव्हता तो विश्वास.

हाच हर्शेल १८७७ मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट होता. तिथे त्याने तीन ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. दस्त नोंदणीच्या कचेरीत, तुरुंगात आणि पेन्शन घेणाऱ्यांसाठी. पेन्शनरांकडून का? तर म्हातारा मेल्यावरही घरचे लोक दुसऱ्या कुणाला उभं करून पैसे उचलतात, असा सरकारला संशय. तसे प्रकार होतही असतील, नाही म्हणत नाही. पण बघा, कैदी आणि पेन्शनर एकाच रांगेत बसले ते तेव्हापासून. आज दर नोव्हेंबरात आपल्या घरातली म्हातारी माणसं 'हयातीचा दाखला' द्यायला निघतात आणि मशीनवर बोट टेकवून आपण जिवंत असल्याची खात्री पटवून देतात. डिजिटल दाखल्याची ती सोय २०१४ ची. तिच्या मागचा प्रश्न मात्र हुगळीचाच: तुम्ही खरे कशावरून?

ठसे जमले तरी हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा कसा, हे गणित सुटायला आणखी वीस वर्षं गेली. ते सुटलं कलकत्त्यात. १८९७ मध्ये तिथे ठशांची कचेरी निघाली, ती जगातली अशी पहिली म्हणून ओळखली जाते. ठशांची वर्गवारी करण्याची रीत बसवण्यात दोन हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. पण ती रीत जगभर गेली ती त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने. १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनीही ती उचलली. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला समजावून सांगायला नको.

पुढचं प्रकरण आपल्या भागाला जास्त जवळचं आहे. १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातीत जन्माला आलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. आधी तो उत्तरेकडे होता. १९११ मध्ये तो सगळ्या देशाला लागू होईल असा झाला आणि नोंदवलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा सरकारला मिळाली. चोरी केली म्हणून ठसा नव्हे. आईच्या पोटातून आलास म्हणून ठसा. विजापूर, हुबळी, सोलापूर इथे या लोकांच्या वसाहती होत्या, त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. सोलापुरात ते नाव अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. स्वातंत्र्य मिळालं तरी हा कायदा लगेच गेला नाही. तो रद्द झाला १९५२ च्या ऑगस्टमध्ये.

आणि त्याच सुमाराला समुद्रापलीकडे, दक्षिण आफ्रिकेत, याच बोटांवरून केवढं रामायण घडलं! १९०६ मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने वटहुकूम काढायचं ठरवलं की आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने नाव नोंदवावं आणि बोटांचे ठसे द्यावेत. पहिल्या मसुद्यात बायकासुद्धा होत्या. त्यांना पुढे वगळलं. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली आणि हा कायदा मानणार नाही अशी लोकांनी शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तिथला. गांधीजींनी त्या वेळी हेन्रीचंच पुस्तक वाचलं होतं. दहाही बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतात, हे त्यांच्या लक्षात आलं ते त्यातूनच.

पण खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. १९०८ च्या जानेवारीत तडजोड झाली. लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी आणि मग सरकार कायदा मागे घेईल, असं गांधीजींनी मान्य केलं. मग ते स्वतः ठसे द्यायला निघाले. आपल्याच काही लोकांना हा विश्वासघात वाटला आणि रस्त्यात त्यांना बेदम मारहाण झाली. तरी त्यांनी अंथरुणावरून ठसे दिलेच. कालपर्यंत ज्या ठशासाठी तुरुंगात जायची तयारी, तोच ठसा आज कसा चालला? त्यांचं म्हणणं असं, की सक्तीने घेतलेला ठसा अपमान आहे, आपण होऊन दिलेला ठसा अपमान नाही. पुढे सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा १९०८ च्या ऑगस्टमध्ये दोन हजारांवर दाखल्यांची होळी झाली.

बोट तेच, शाई तीच. मागणारा तुम्हाला कसं मागतो, यावर सगळं अवलंबून. आपल्या रोजच्या जगण्यातही हेच नाही का? 'जरा बसता का, आजी, बोट बघू' आणि 'ए आजी, बोट पूस आधी', या दोन वाक्यांत काम एकच आहे.

स्वतंत्र भारतातल्या ठशाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. ते एका बाईला मिळालं होतं. हेतू वाईट नव्हता. दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणारे होते, खोटी रेशन कार्डं होती. ज्या गरीब बाईकडे दाखवायला एकही कागद नव्हता, तिला कागद मिळाला, हेही खरं.

अडचण सुरू झाली ती बोटापाशी. मशीन काय करतं? बोटाच्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, त्या जागा ते टिपतं आणि आधी साठवलेल्या जागांशी ताडून बघतं. रेषा झिजल्या असतील तर ताळा जुळत नाही. आता या रेषा कुणाच्या झिजतात? वय झालेल्यांच्या. राखेने, साबणाने भांडी घासणाऱ्यांच्या. विटा, चुना, सिमेंट उचलणाऱ्यांच्या. आमच्या निपाणीकडे येऊन बघा, विड्या वळून वळून बायकांच्या बोटांची टोकं पार गुळगुळीत झालेली असतात. जिने सगळ्यात जास्त कष्ट केले तिचीच ओळख मशीनला पटत नाही, आणि तिलाच त्या रेशनची सगळ्यात जास्त गरज. यात भर म्हणून कधी नेट नाही, कधी सर्व्हर नाही, कधी लाईटच नाही. मशीन चालू नसलं तरी परत पाठवतात बाईलाच.

माझ्या सासूबाईंचं सांगते. वय ऐंशीच्या पुढे. मामंजी गेल्यावर त्यांच्या नावे थोडी पेन्शन येते. त्या पैशाला त्या घरात कुणाला हात लावू देत नाहीत, आणि मला ते आवडतं. पर्वाचं दान, नातवंडांना खाऊ, कामवाल्या बाईला दिवाळीची साडी, हे सगळं त्यातूनच. एका वर्षी बँकेत हयातीच्या दाखल्याला गेलो तर ठसा उठेना. उजवा झाला, डावा झाला, दहाही बोटं झाली. काउंटरवरचा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "ओ आजी, बोट घासा की जरा केसाला. पुढच्या लोकांना किती वेळ थांबवायचं?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाळ, मी तुझ्यासमोर उभी हाय. तरी मी हाय का न्हाई, हे त्या डबीला इचारतोस?" मुलगा गप्प झाला, पण काम काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात या, म्हणाला. घरी येताना रिक्षात त्या आपल्या बोटांकडे बघत बसल्या होत्या. ज्या हातांनी पन्नास वर्षं घर चालवलं, त्या हातांची त्यांना लाज वाटावी, याचा मला संताप आला.

संतापाने काम होत नाही, म्हणून कायदा काय सांगतो ते शोधलं. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच ठसा जुळवणं किंवा आधार क्रमांक असल्याचा पुरावा दाखवणं, असे दोन मार्ग दिलेले आहेत. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने रेशनबाबत परिपत्रक काढलं की ठसा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये. डोळ्याची बुबुळं तपासा, मोबाईलवर आलेला ओटीपी घ्या, तेही नाही झालं तर कार्ड बघून धान्य द्या आणि वेगळी नोंद ठेवा. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना कळवलं की सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांकडून हयातीचा दाखला घरी जाऊन घेण्यासारख्या सोयी द्याव्यात. कागदावर सही किंवा अंगठा करून दिलेला दाखलाही चालतो. डिजिटल दाखला ही सोय आहे, सक्ती नव्हे.

म्हणजे वाटा होत्या. त्या मुलाने त्यातली एकही सांगितली नाही. कदाचित त्यालाच कुणी सांगितली नसेल. पण 'आजी, बसा, मी विचारून येतो', एवढं म्हणायला कुठल्या परिपत्रकाची गरज होती?

कायद्यातही सगळं आलबेल आहे असं नाही. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी आधारवर निकाल दिला, चार विरुद्ध एक. बँक खातं आणि मोबाईल यांच्यासाठीची सक्ती काढून टाकली. प्राप्तिकराच्या पॅनसाठी ठेवली आणि सरकारी मदतीसाठीही ठेवली. म्हणजे मोबाईल घेणाऱ्याला 'नाही देत आधार' म्हणता येतं. विडी वळणारीला रेशनच्या दुकानात तसं म्हणता येत नाही. तिला गरज आहे, म्हणून तिची तपासणी. एका न्यायाधीशांनी वेगळं मत दिलं आणि माणसाचा हक्क यंत्राच्या खात्रीवर टांगू नये अशा अर्थाचं बोट ठेवलं. मला ते मत जास्त आपलंसं वाटतं.

पण सगळा दोष कायद्यावर आणि यंत्रावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. यंत्राला बोलता येत नाही. 'उठत नाही तुमचा अंगठा' हे वाक्य माणूस बोलतो. आपल्याकडे भाषासमिती सांगितली आहे, म्हणजे बोलताना जपून, मोजकं, कुणाला न दुखवणारं बोलावं. ती फक्त मुनींसाठी आहे अशी समजूत करून आपण सुटका करून घेतो. घराघरात शिकलेल्या सुना-मुली 'तुम्हाला कळत नाही, द्या इकडे' म्हणत सासूच्या हातातून मोबाईल ओढून घेतात, तेव्हा त्या काउंटरवरच्या मुलात आणि आपल्यात फरक तो काय? अंगठेबहाद्दर हा शब्द कुणा इंग्रजाने काढलेला नाही. तो आपलाच आहे. तो निदान आपल्या घरातून तरी गेला पाहिजे.

कोनाईच्या पंजापासून आजच्या काचेच्या डबीपर्यंत दीडशेवर वर्षं झाली. डबी बदलली, तरी समोरचा माणूस खोटा असेल ही पहिली समजूत तशीच चालत आली आहे. ती मोडायला काही फार मोठी चळवळ नको. बांगडीच्या निशाणीच्या काळी जे चार साक्षीदार बाईच्या बाजूला बसत होते, ते पुन्हा उभे राहिले तरी पुष्कळ.

म्हणून बस्तीच्या पायरीवर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींना सांगणं एवढंच. म्हाताऱ्या बाईला एकटीला पाठवू नका. कुणीतरी बरोबर जा. मोबाईल नंबर आधारला जोडून ठेवा, बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे पुन्हा नोंदवून घ्या. आणि तरीही ठसा उठला नाही, तर खालच्या आवाजात परत येऊ नका. "परिपत्रक आहे, दुसऱ्या मार्गाने करा, नाहीतर नाही म्हणून लिहून द्या," असं सरळ म्हणा. आणि ते होईपर्यंत आजींना बसायला खुर्ची मागा.